जुहूचा पॅच, पवईचा कंपायलर

जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड नंबर ९ वर एका सरकारी संस्थेची इमारत आहे. आजूबाजूला सिनेमावाल्यांचे बंगले, कॉलेजं, हॉटेलं, पलीकडे चौपाटी. मुंबईच्या एका पिढीला ही जागा ‘एनसीएसटी’ म्हणून ठाऊक आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतची मुलं तिथल्या ‘सीएसटी’ परीक्षेची तयारी करायची आणि पास झालेला मुलगा सोसायटीत कौतुकाचा विषय व्हायचा. परीक्षा सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच इमारतीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतड्यात हात घालून मराठी अक्षरं बसवण्याचे दोन प्रयत्न झाले, हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही. दोन्ही प्रयत्नांमागे हुशार माणसं होती आणि सरकारी पैसा होता. त्यातला एक आज शोधूनही सापडत नाही. दुसरा, डेबियन नावाची सिस्टिम जगात कुठेही मराठीतून बसवायला घेतली की पडद्यावर येतो. दोघांच्या नशिबात फरक का पडला हे पाहायचं, तर मूळ कोडापासून सिस्टिम उभी कशी करतात, आणि त्या उभारणीची व्यवस्था वेळोवेळी कशी मोडून पुन्हा लावली गेली, हा इतिहास पाहावा लागतो.

एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, ही कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेली फांदी. १९८५ साली ती स्वायत्त झाली, एस. रमणी संचालक झाले आणि तिचा संसार जुहूत थाटला गेला. तोवर उपनगरांत संगणक नवे राहिले नव्हते. पवईच्या आयआयटीत मिन्स्क आणि नंतर ईसी-१०३० ही सोव्हिएत यंत्रं येऊन गेली होती. अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘सीप्झ’मध्ये निर्यातीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या हळूहळू जमत होत्या. या सगळ्यांना सॉफ्टवेअर मिळायचं ते यंत्रासोबत, बंद डब्यात. युनिक्स त्याला अपवाद होती. बेल लॅब्जमध्ये जन्मलेली ही सिस्टिम विद्यापीठांना तिच्या मूळ कोडासह, चुंबकीय टेपवर मिळत असे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने त्यात भर घालून आपल्या टेपा वाटायला सुरुवात केली आणि ‘बीएसडी’ हे घराणं तयार झालं.

टेप हाती आली की खरं काम सुरू व्हायचं. मूळ कोड म्हणजे माणसाने वाचायचा मजकूर. तो कंपायलरमधून काढून यंत्राला चालेल अशा रूपात आणावा लागतो. एका फाइलीचं हे काम सोपं, शेकडो फाइलींचं कटकटीचं. कुठली फाइल आधी, कुठली नंतर, एकीत बदल केला तर बाकी कुणाकुणाला पुन्हा कंपाइल करायचं, हे सगळं सुरुवातीला कुणातरी एका माणसाच्या डोक्यात असायचं. बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि ते डोक्यातलं ज्ञान ‘मेकफाइल’ नावाच्या कागदावर उतरलं. आचाऱ्याने लग्नघरात धाडलेल्या यादीसारखी ही फाइल असते: काय काय लागेल, आणि कशानंतर काय करायचं. यादी नीट असेल तर आचारी बदलला तरी पंगत उठते.

टेपेनंतर जाळं आलं. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हा प्रकल्प १९८६ मध्ये हाती घेतला. एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि दिल्लीतला तो विभाग असे आठ सदस्य होते. देशातल्या या जाळ्यावरचा अगदी सुरुवातीचा ईमेल जुहू आणि पवई यांच्यामध्ये, साध्या टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमने धावला. पुढे जुहूची तार अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ‘यूयूनेट’ला जोडली गेली आणि ‘.इन’ या भारताच्या डोमेनचा कारभारही १९८९ पासून एनसीएसटीच पाहू लागली. १९९२ मध्ये मुंबईहून अमेरिकेकडे जाणारी तार सेकंदाला ६४ किलोबिटची झाली. आज हा वेग हास्यास्पद वाटतो. तेव्हा देशभरातल्या संस्था तो वाटून घेत.

हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ४० मेगाबाइटचा मूळ कोड उतरवायचा, तर सगळी तार एकट्याला मिळूनही सुमारे ८५ मिनिटं लागणार. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर घाटकोपरच्या एखाद्या घरातून २८.८ च्या मोडेमवर तेवढंच उतरवायला तीन तासांहून जास्त लागणार, मध्ये फोन वाजला नाही तर. त्यामुळे युनिक्सच्या धर्तीवरचं खुलं लिनक्स भारतातल्या घरांत शिरलं ते मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींवरून. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९० च्या दशकात लिनक्सच्या सीडी वाटायला सुरुवात केली. त्या उपक्रमामागे बंगळुरूत राहणारे अतुल चिटणीस होते. पुढे त्यांनीच ‘लिनक्स बेंगळुरू’ आणि ‘फॉस डॉट इन’ या परिषदा भरवल्या. २०१३ मध्ये ते गेले.

सीडीवर तयार प्रोग्रॅम असायचे आणि मूळ कोडही असायचा. पण दोघांना जोडणारी व्यवस्था कुठली? १९९३ ते १९९७ या चार-पाच वर्षांत जगात या प्रश्नाची तीन मोठी उत्तरं तयार झाली. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. त्यात सोर्स पॅकेज म्हणजे मूळ लेखकाचा अस्पर्श कोड, आणि त्याच्या शेजारी डेबियनने केलेले फेरफार एका वेगळ्या फाइलीत. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या ‘आरपीएम’नेही तेच तत्त्व घेतलं: मूळ कोड जसाच्या तसा, बदलांचे पॅच वेगळे, आणि बांधणीच्या सूचनांची एक ‘स्पेक’ फाइल. बीएसडी घराण्यातल्या फ्रीबीएसडीत १९९४ मध्ये जॉर्डन हबर्ड यांनी ‘पोर्ट्स’ आणले. त्यात कोड सोबत ठेवायचाच नाही. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक छोटा फोल्डर, त्यात मेकफाइल, कोड जगात कुठून उतरवायचा त्याचा पत्ता, तो खरा आहे का हे तपासायची खूण आणि लागतील तेवढे पॅच. वापरणाऱ्याने ‘मेक इन्स्टॉल’ म्हणायचं, बाकी सगळं आपोआप.

तिन्ही ठिकाणी फेरफार वेगळे ठेवण्यामागे व्यवहारी कारण होतं. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की आपले बदल तिच्यावर पुन्हा चढवावे लागतात. ते कोडात मिसळून गेले असतील, तर कुठला बदल कुणाचा हे शोधण्यातच आठवडे जातात. वेगळे असतील, तर नव्या आवृत्तीवर एकेक चढवून पाहता येतात. बसला तर ठीक, नाही बसला तर तेवढाच दुरुस्त करायचा. त्याहून पुढची पायरी म्हणजे पॅच मूळ लेखकाकडे पाठवून त्याच्या कोडातच घालून घेणं. मग चढवण्याचं कामच उरत नाही. डिस्ट्रो, म्हणजे डेबियन, रेड हॅट यांसारखे लिनक्सचे तयार संच, बांधणारी माणसं ‘अपस्ट्रीमला गेला’ असं म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकतात तो यासाठी.

या व्यवस्था वाढल्या आणि वाढीनेच अडखळू लागल्या. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्सचं उदाहरण बोलकं आहे. २००० सालापर्यंत पोर्ट्सची संख्या चार हजारांच्या घरात गेली होती. प्रत्येक पोर्टच्या फोल्डरमध्ये आणखी तीन उपफोल्डर असायचे: एकात तपासणीची खूण, दुसऱ्यात वर्णन आणि फाइलींची यादी, तिसऱ्यात पॅच. बहुतेकांत दोन-तीन ओळींच्या चिमुकल्या फाइली. पण डिस्कवर प्रत्येक फोल्डर आपली जागा आणि आपला ‘आयनोड’, म्हणजे डिस्कच्या वहीतली नोंद, अडवतो. त्यात फोल्डरांचं हे सगळं झाड ‘सीव्हीएस’ या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवलेलं, आणि सीव्हीएस प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःचा आणखी एक फोल्डर घालत असे. झाड अद्ययावत करायचं म्हणजे हजारो फोल्डरांत एकेक करून डोकवायचं, तेही मंद तारेवरून. त्या वर्षी सगळ्या झाडाची फेरमांडणी झाली. खूण, वर्णन आणि यादी या फाइली उपफोल्डरांतून वर आणून मेकफाइलच्या शेजारी ठेवल्या, पॅचचा वेगळा फोल्डर बंद केला, आणि उरलेला एकच उपफोल्डर गरज असेल तिथेच राहिला. प्रोग्रॅमच्या कोडाची एक ओळही बदलली नव्हती. बदलली होती ती फक्त कपाटातली खणांची रचना. तरी हजारो पोर्ट्स आणि ते सांभाळणारी सगळी माणसं एकाच वेळी नव्या रचनेवर न्यावी लागली, कारण अर्धं झाड जुनं आणि अर्धं नवं अशी अवस्था कुठल्याही स्क्रिप्टला चालणारी नव्हती.

त्याच सुमारास जुहूत मराठी अक्षरांचा प्रश्न ऐरणीवर होता.

एनसीएसटीत १९९७ पासून र. कृ. जोशी काम करत होते. सांगलीत १९३६ मध्ये जन्मलेले जोशी कवी, सुलेखनकार आणि जाहिरात क्षेत्रातले नामवंत कलादिग्दर्शक. ‘उल्का’ या जाहिरात संस्थेतली नोकरी सोडून १९८३ मध्ये ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायला गेले आणि तिथून जुहूत आले. विंडोजबरोबर जगभर पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचाच. जुहूत त्यांनी ‘रघु’ नावाचा फाँट केला आणि तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला. इकडे व्हीजेटीआयच्या आसपास जमलेल्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने ‘गार्गी’ हा खुला फाँट आणला. अक्षरांचे आकार तर आले. पण देवनागरीत आकार असून भागत नाही. ‘कि’ लिहिताना इकार नंतर टाइप होतो आणि दिसतो मात्र आधी. ‘दर्या’तला र वर चढतो, ‘दऱ्या’तला पुढच्या अक्षराला चिकटतो. हे सगळं कुणीतरी अक्षरं पडद्यावर काढताना जुळवायला हवं. लिनक्समध्ये हे काम कुणी करायचं, हे ठरलेलं नव्हतं.

एनसीएसटीच्या ‘इंडिक्स’ प्रकल्पाने उत्तर दिलं: सगळ्यात खालच्या थराने. युनिक्स आणि लिनक्सवर पडद्यावर चित्र काढण्याचं काम ‘एक्स विंडो’ ही यंत्रणा करते. एक्सच्याच कोडात देवनागरीची जुळणी घातली, की त्याच्यावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम, त्याच्या लेखकाने भारतीय भाषांचा विचार केलेला असो वा नसो, मराठी दाखवू लागेल. कल्पना सुरेख होती. शंभर प्रोग्रॅम दुरुस्त करत बसण्यापेक्षा पाया एकदाच दुरुस्त करायचा. केंद्र सरकारच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान कार्यक्रमाला हेच हवं होतं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंडिक्स लोकांच्या हाती आलं आणि लिनक्सवर देवनागरी नीट दिसते याचं अनेकांना तेव्हा अप्रूप वाटलं.

अडचण पायातच होती. एक्सचा कोड तेव्हा एका अवाढव्य झाडात होता. हजारो फाइली एकत्र, आणि त्यांची बांधणी ‘आयमेक’ नावाच्या जुन्या साधनाने. ‘मेक वर्ल्ड’ अशी आज्ञा द्यायची आणि तासन्‌तास थांबायचं. एका कोपऱ्यात एक ओळ बदलली तरी पुन्हा सगळं जग बांधायची पाळी यायची. एखाद्या व्हिडिओ कार्डच्या ड्रायव्हरमधली दुरुस्ती लोकांपर्यंत पोचायला साऱ्या एक्सची नवी आवृत्ती निघावी लागे. अशा झाडावर बाहेरून मोठा पॅच चढवणाऱ्याला प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो नव्याने बसवावा लागतो, आणि सरकारी प्रकल्पाला एक शेवटची तारीख असते.

मग झाडच हललं. २००४ च्या सुरुवातीला ‘एक्सफ्री८६’ या मुख्य शाखेने परवान्यात अशी अट घातली की डेबियन, रेड हॅट यांसारख्या डिस्ट्रोंनी ती नाकारली. सगळे ‘एक्स डॉट ऑर्ग’ या नव्या शाखेकडे वळले. तिथे लोकांनी वर्षानुवर्षं टाळलेलं काम हाती घेतलं. एकसंध झाड फोडून लायब्ररी, सर्व्हर, प्रत्येक ड्रायव्हर, फाँट, छोटी साधनं अशी दोनशेहून अधिक स्वतंत्र पॅकेजं केली आणि आयमेक काढून ‘ऑटोटूल्स’ बसवलं. २१ डिसेंबर २००५ ला एक्सच्या दोन आवृत्त्या एकाच दिवशी निघाल्या: ६.९ आणि ७.०. दोन्हींत कोड तोच. पहिली जुन्या एकसंध झाडात बांधायची, दुसरी नव्या सुट्या पॅकेजांतून. नवी बांधणी जुन्याइतकीच चालते हे दाखवायला याहून प्रामाणिक रीत सापडली नसती. ६.९ ही त्या झाडाची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. डिस्ट्रोंनाही आपापलं घर आवरावं लागलं. डेबियनमध्ये एका राक्षसी सोर्स पॅकेजमधून डझनावारी पॅकेजं निघायची, त्यांच्या जागी तितकीच स्वतंत्र सोर्स पॅकेजं आली.

इंडिक्सच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट आधीच घडून गेली होती. अक्षरं काढण्याचं काम एक्सच्या हातातून निसटलं होतं. ‘पँगो’सारखी लायब्ररी आणि ‘क्यूटी’ हे प्रोग्रॅमच्या बाजूनेच अक्षरं जुळवून, तयार चित्र एक्सकडे देऊ लागले. ग्नोम आणि केडीई या दोन्ही मोठ्या डेस्कटॉपनी तीच वाट धरली. देवनागरीची जुळणी त्या लायब्रऱ्यांच्या मूळ कोडात गेली आणि डिस्ट्रोंबरोबर आपसूक जगभर पोचली. पुढे पँगो, क्यूटी आणि इतरांनी आपापली जुळणी वेगवेगळी ठेवण्याऐवजी ‘हार्फबझ’ या एकाच लायब्ररीवर ती सोपवली. इंडिक्सने ज्या थराला पाया मानलं होतं, त्या थराचं महत्त्व ओसरलं होतं. आज कुठल्याही मोठ्या डिस्ट्रोत इंडिक्स नावाचं पॅकेज नाही.

फाँटांची गोष्ट वेगळी झाली, आणि तिच्या मध्यावर पुणं आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅटने २००४ मध्ये खुले केले. सुरुवातीला पाच भाषा होत्या, नंतर त्यांत मराठीसकट इतर भाषा आल्या. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून फाँटांसाठीच लिहिलेला ‘ओएफएल’ घेतला गेला. डेबियनमध्ये तोवर सगळे भारतीय फाँट एकाच सोर्स पॅकेजात कोंबलेले होते. लोहित, गार्गी आणि इतर कितीतरी, वेगवेगळ्या लेखकांचे, वेगवेगळ्या परवान्यांचे, एका गाठोड्यात. बंगाली फाँटमध्ये एक टिंब दुरुस्त केलं तरी गुजराती, तमिळ, मराठी सगळ्यांची नवी आवृत्ती निघायची आणि ज्याला फक्त मराठी हवी त्यालाही ती उतरवावी लागायची. २०११-१२ च्या सुमारास हे गाठोडं सोडलं गेलं. लोहितची प्रत्येक लिपी वेगळी झाली, उरलेले फाँट लिपीनुसार ‘एक्स्ट्रा’ पॅकेजांत गेले, आणि सगळे एकदम हवे असणाऱ्यांसाठी फक्त नावांची यादी असलेलं एक पोकळ पॅकेज ठेवलं.

लिपीनुसार म्हटलं की नवा पेच आला. लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित नेपाळी, लोहित कोकणी हे सगळे देवनागरीच. त्यांतली शेकडो अक्षरं सारखी. मग दुरुस्ती प्रत्येक फाँटमध्ये वेगळी कशाला करायची? म्हणून ते एका ‘लोहित देवनागरी’त एकवटले. पण मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीहून निराळं आहे, आणि युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक मात्र एकच. फाँटमध्ये दोन्ही आकार ठेवून, मजकूर मराठी असल्याचं सांगितलं तर मराठी वळण दाखवायचं, अशी सोय असते. व्यवहारात कितीतरी प्रोग्रॅम मजकुराची भाषा सांगतच नाहीत आणि मराठी पान हिंदी वळणात दिसतं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी अक्षरांची रूपं प्रमाण करून दिली होती, तेव्हा ‘चालवून घ्या’ म्हणायचीही सोय नव्हती. डेबियनमध्ये आजही एकवटलेल्या लोहित देवनागरीच्या शेजारी मराठीचं आणि नेपाळीचं अशी वेगळी पॅकेजं आहेत. एकत्र करण्यातली बचत आणि वेगळं ठेवण्यातली अचूकता यांतली निवड तिथे अक्षराच्या वळणावर झाली.

आता जुहूतल्या दुसऱ्या प्रयत्नाकडे. २००३ पर्यंत एनसीएसटी पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाली होती आणि इमारतीवर ‘सी-डॅक मुंबई’ अशी पाटी आली होती. तिथे ‘जनभारती’ नावाचा गट खुल्या सॉफ्टवेअरचं भारतीय भाषांत रूपांतर करत होता. या गटाने डेबियनच्या इन्स्टॉलरचं मराठीकरण हाती घेतलं. काम दिसायला साधं: पडद्यावर येणारी वाक्यं मराठीत लिहायची. पण इन्स्टॉलर म्हणजे एक प्रोग्रॅम नसून डझनावारी छोट्या पॅकेजांचा संच आहे. भाषा विचारणारं एक, डिस्कचे भाग पाडणारं दुसरं, नेटवर्क जोडणारं तिसरं, आणि प्रत्येकाच्या पोटात भाषांतराची आपापली फाइल. ही रचना तशीच राहिली असती, तर भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक पॅकेजच्या मालकाचं दार वाजवावं लागलं असतं.

इन्स्टॉलर सांभाळणाऱ्यांनी ते घडू दिलं नाही. सगळ्या पॅकेजांतली वाक्यं गोळा करून दर भाषेसाठी मोजक्या फाइली केल्या आणि त्यांची पातळ्यांत वाटणी केली. पहिल्या पातळीत प्रत्येकाला दिसणारी वाक्यं, शेवटच्या पातळ्यांत क्वचित कुणाला लागणारी. भाषांतर करणाऱ्याने त्या फाइली भरायच्या. स्क्रिप्ट त्या पुन्हा फोडून वाक्यं ज्याच्या त्याच्या पॅकेजात पोचवते आणि पुढच्या बांधणीत ती आपोआप शिरतात. जुहूतल्या माणसाला कंपायलर चालवायची गरज नव्हती की मेकफाइल वाचायची. नियम कडकही होते. जी भाषा ठरलेल्या प्रमाणाखाली घसरेल, ती त्या आवृत्तीतून वगळली जायची. १४ फेब्रुवारी २००९ ला डेबियनची ५.० आवृत्ती ‘लेनी’ निघाली. तिचा इन्स्टॉलर ६३ भाषांत होता आणि नव्याने आलेल्या भाषांत अम्हारिक, आयरिश, सर्बियन यांच्याबरोबर मराठी होती. मराठी फाइलीच्या माथ्यावर गटाचं नाव आणि मुंबई असा पत्ता लिहिलेला होता. त्यानंतर इन्स्टॉलरचे आतले भाग कितीदा तरी बदलले, पॅकेजं आली आणि गेली. मराठी वाक्यं त्या प्रवासात टिकली, कारण ती कुणाच्या बाहेरच्या पॅचमध्ये नव्हती. प्रत्येक बांधणी त्यांना घेऊनच पुढे जात होती.

चेन्नईच्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स आणली, तेव्हा तिथेही हाच शहाणपणा दिसला. नवं झाड लावण्याऐवजी डेबियनचंच घेतलं आणि त्याच्यावर भारतीय भाषांची भर घातली.

पवईत त्या वर्षांत याहून खोल खणलं जात होतं. बांधणीच्या साऱ्या व्यवस्थेच्या तळाशी कंपायलर असतो, आणि लिनक्सच्या जगात तो ‘जीसीसी’. आयआयटी मुंबईच्या संगणक विभागाला या विषयाची जुनी परंपरा आहे. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं वापरलेलं सिस्टिम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक धनंजय धामधेरे यांचं, ते तिथलेच प्राध्यापक. या विभागात उदय खेडकर यांनी केंद्र सरकारच्या मदतीने ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ उभारलं आणि देशभरातले शिक्षक-विद्यार्थी पवईला बोलावून कार्यशाळा घेतल्या.

जीसीसी मूळ कोडापासून बांधणं हा एक वेगळाच अनुभव असतो. कंपायलर बांधायला कंपायलर लागतो. म्हणून बांधणी तीन टप्प्यांत होते. यंत्रावर आधीपासून असलेल्या कंपायलरने नवा जीसीसी बांधायचा, हा पहिला. त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा बांधायचं, हा दुसरा. आणि दुसऱ्याने तिसरा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या फाइली एकमेकींशी ताडून पाहायच्या. त्या जुळल्या नाहीत तर कुठेतरी चूक आहे, बांधणी थांबते. त्यात आणखी एक गुंता असतो. कंपायलर ज्या यंत्रावर बांधला, ज्यावर चालणार आणि ज्याच्यासाठी कोड काढणार, ही तीन यंत्रं वेगळी असू शकतात. मोबाइलच्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा कंपायलर लॅपटॉपवर बांधणाऱ्याला हे भेद समजून घ्यावेच लागतात. सिद्धान्त शिकलेल्या विद्यार्थ्याला लाखो ओळींच्या खऱ्या कंपायलरच्या झाडात वाट काढायला शिकवणं, हे त्या कार्यशाळांचं काम होतं.

दोनदा बांधून ताडून पाहण्याची ही जुनी युक्ती गेल्या दशकात संपूर्ण सिस्टिमला लागू झाली. २०१३ पासून डेबियनमध्ये ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ हे काम चालू आहे. एकच सोर्स पॅकेज दोन वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या दिवशी बांधलं, तरी निघणारी फाइल बाइटन्‌बाइट तीच यायला हवी. तशी आली तर, दिलेल्या मूळ कोडापासूनच हा प्रोग्रॅम झाला आहे आणि मध्ये कुणी काही घुसवलेलं नाही, हे कुणालाही स्वतः तपासता येतं. सुरुवातीला हजारो पॅकेजं नापास झाली आणि कारणं बहुतेक क्षुल्लक होती. कुठे बांधणीची वेळ फाइलीत लिहिली जात होती, कुठे फोल्डरचं नाव, कुठे फाइलींचा क्रम बदलत होता.

फाँट नापास होणाऱ्यांत होते. लोहितसारखे खुले फाँट ‘फाँटफोर्ज’ या साधनाने बांधले जातात आणि फाँटफोर्ज तयार फाँटच्या आत बांधणीची तारीख आणि वेळ कोरून ठेवत असे. मराठीचा तोच फाँट सोमवारी आणि मंगळवारी बांधला तर दोन फाइली निघायच्या, अक्षरं सारखी आणि बाइट वेगळे. त्यावर सगळ्या साधनांसाठी एक साधी रीत ठरली. बांधणीच्या वेळी घड्याळाकडे पाहायचं नाही, सोर्स पॅकेजात शेवटचा बदल झाल्याची नोंदवलेली तारीख वापरायची. ही रीत पाळायची सोय आता फाँटफोर्जच्या मूळ कोडात आहे, त्यामुळे त्यासाठी एकाही फाँटच्या पॅकेजला स्वतःचा पॅच बाळगावा लागत नाही.